‘पोहता आले नाही तरी चालेल’ हे चालवून घेऊ नका

खानदेशातल्या दोंडाईचा, शिंदखेडा, शहादा या पट्ट्यातून दिवाळीत किंवा मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या कुटुंबांच्या बेतात हल्ली मालवण-तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंग असतेच. ज्यांच्या हाती चार पैसे अधिक आहेत किंवा ज्यांची मुले युरोपात नोकरीला आहेत, त्यांच्यासमोर आइसलँड आणि नॉर्वेच्या बर्फगार पाण्यात बुडी मारण्याच्या सहलींच्या जाहिरातीही येऊ लागल्या आहेत. पहिली बुडी स्वस्त आणि कोणालाही खुली. दुसरी महाग आणि अटींनी जखडलेली. या अटी ग्राहकाला अडवण्यासाठी घातलेल्या नाहीत. खरे तर पैसे मोजून घ्यावी अशी तीच एक गोष्ट आहे, आणि ती आपण मालवणलाही मागितली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या अटी आल्या कुठून ते आधी पाहू. खारे पाणी उणे 1.8 अंशाच्या आसपास गोठते, त्यामुळे उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात शून्याच्या खालच्या पाण्यातही बुडी मारली जाते. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने शरीरातली ऊब ओढून घेते. नुसत्या कपड्यांनिशी अशा पाण्यात पडलेला माणूस पहिल्याच मिनिटात नकळत धापा टाकू लागतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जाते. पुढच्या काही मिनिटांत हातापायांतले बळ जाते. म्हणून तिथे अंगाला पाणी लागू न देणारा ड्रायसूट लागतो. त्यात हवा भरावी-सोडावी लागते आणि ती कधी, किती, हे शिकायला स्वतंत्र प्रशिक्षण आहे. त्याहून मोठा धोका श्वासाच्या यंत्रात असतो. सिलिंडरमधली दाबाखालची हवा रेग्युलेटरमधून बाहेर येताना प्रसरण पावते आणि आणखी थंड होते. भोवतालचे पाणी गोठायला टेकलेले असेल तर आत बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि भरलेला सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. म्हणून अशा पाण्यातले जाणकार एकाला दोन रेग्युलेटर बाळगतात. बर्फाच्या थराखाली उतरणाऱ्याच्या अंगाला दोरी बांधलेली असते. तिचे दुसरे टोक वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असते, आणि किती हिसके म्हणजे काय समजायचे हे उतरण्याआधीच ठरलेले असते.

आइसलँडमधली सिल्फ्रा ही भेग आर्क्टिक वर्तुळाच्या थोडी दक्षिणेला, थिंगवेल्लिर राष्ट्रीय उद्यानात आहे. हिमनदीचे पाणी लाव्हाच्या खडकांतून वर्षानुवर्षे झिरपत तिथे येते. ते इतके नितळ असते की 100 मीटरपर्यंतचे दिसते, आणि त्याचे तापमान बारमाही 2 ते 4 अंश असते. तिथे बुडी मारायची तर पोहता आले पाहिजे, डायव्हिंगचे प्रमाणपत्र पाहिजे आणि ड्रायसूटचा अनुभव कागदोपत्री दाखवता आला पाहिजे. 2017 मध्ये एका पर्यटकाच्या मृत्यूनंतर ती जागा काही दिवस बंद ठेवली गेली आणि नियम आणखी कडक झाले. आज जगभरातून लोक तिथे येतात ते हे नियम पाळून.

आता मालवण. 1987 मध्ये जाहीर झालेले सागरी अभयारण्य, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक आणि प्रवाळ, कोमट पाणी. इथली जाहिरात एका ओळीत संपते: पोहता आले नाही तरी चालेल. होडीतून जायचे, पाठीला सिलिंडर बांधून घ्यायचा, प्रशिक्षकाने धरून खाली न्यायचे, व्हिडिओ काढायचा आणि वर यायचे. पाणी उथळ आहे, मग भीती कसली, असे वाटते. ही समजूतच घातक आहे. दाबाखालची हवा छातीत भरून घेतली आणि घाबरून श्वास रोखत वर उसळी मारली, तर दीड मीटरच्या खोलीवरूनही फुफ्फुसाला इजा होऊ शकते. थंड पाणी माणसाला सावध तरी करते. कोमट पाणी गाफील ठेवते. ज्याने आयुष्यात कधी नाकातोंडात पाणी जाऊ दिलेले नाही, त्याच्या मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरले तरी त्याचा धीर सुटतो. शिवाय धोका पाण्याखालीच असतो असेही नाही. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी 20 पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला.

यावर कोणी म्हणेल की पोहता न येणाऱ्याला प्रशिक्षकासोबत चाखण्यापुरती बुडी देण्याची पद्धत जगभर आहे. आहे, मान्य. पण त्या पद्धतीत 12 मीटरची मर्यादा असते, प्रकृतीची माहिती लिहून घेतली जाते, एका प्रशिक्षकामागे माणसे किती हे ठरलेले असते आणि आधी उथळ पाण्यात सराव होतो. ‘पोहता आले नाही तरी चालेल’ हे त्या पद्धतीतले शेवटचे वाक्य आहे. आपण तेवढेच उचलले आणि आधीचे सगळे गाळले, तर ती पद्धत उरत नाही. दुसरा आक्षेप पोटाचा आहे. नियम आवळले तर मासेमारीला जोड म्हणून या धंद्यात आलेल्या कोकणी तरुणांचे काय? हा प्रश्न खरा आहे आणि त्याकडे काणाडोळा करता येणार नाही. पण एका अपघातानंतर अख्खा किनारा बंद होतो तेव्हा सर्वांत आधी त्यांचीच चूल थंडावते. नीट शिकवून, मोजक्या माणसांना, जास्त दर घेऊन नेण्यात त्यांचे नुकसान नाही. नीट शिकण्याची सोयही आहे: तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाचे (एमटीडीसी) स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, साहसी पर्यटनासाठी राज्याचे 2021 चे धोरण आहे. नौदलातून निवृत्त झालेली गुलदार युद्धनौका निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवण्याचा प्रकल्पही हाती घेतलेला आहे. बुडालेल्या जहाजाभोवतीची बुडी ही कोमट पाण्यातही नवख्याचे काम नाही, म्हणून प्रशिक्षण लागणारच.

तिसरा आक्षेप आपल्याकडचाच असेल: समुद्रापासून इतक्या दूरच्या, मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या दोंडाईच्याने यात डोके का घालावे? कारण ग्राहक आपण आहोत. राज्याचे पर्यटनमंत्रिपद याच गावच्या जयकुमार रावल यांनी सांभाळले आहे. पर्यटन म्हणजे काय हे दोंडाईच्याला नव्याने सांगायला नको. आणि पाणी आपल्यापासून दूरही नाही. तापी आहे, सारंगखेड्याचा बॅरेज आहे. देशात 2022 मध्ये 38 हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. खानदेशात पूर्वी पाठीला रिकामा डबा बांधून पोरांना विहिरीत सोडत आणि ती आठवडाभरात पोहायला लागत. विहिरींची जागा बोअरवेलने घेतली आणि ती शाळा बंद पडली. तिच्या जागी दुसरी उभी राहिलेली नाही. पोहणे हा श्रीमंती छंद मानून चालणार नाही.

म्हणून दोंडाईच्यातल्या पालकांना आणि शाळांना विनंती आहे की सहलीआधी मुलांना पोहायला शिकवा. मालवणला होडीत पाय ठेवण्यापूर्वी विचारा: नोंदणी आहे का, प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कुठले, एकामागे माणसे किती, लाइफ जॅकेट सगळ्यांना आहे का, होडीवर प्राणवायू आहे का? उत्तर टाळले तर पैसे परत मागा आणि मागे फिरा.