सिरॉसिस आणि खचलेली प्रतिकारशक्ती

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाऊण हिस्सा पोर्टल शिरेतून येतो आणि त्यातले बरेचसे रक्त आतड्यांकडचे असते. त्याबरोबर आलेले जंतू यकृतातल्या कुप्फर पेशी गिळून टाकतात. जंतूंशी लढणारी ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनेही मुख्यतः यकृतातच तयार होतात. त्यामुळे यकृत खराब झाले की पचनाबरोबर प्रतिकारशक्तीही ढासळते.

दारू, हिपॅटायटिस बी वा सी, किंवा मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर येणारे फॅटी लिव्हर ही सिरॉसिसची नेहमीची कारणे. यकृत कडक होते, पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि आतड्यांकडचे काही रक्त यकृताला वळसा घालून थेट पुढे जाते. आतड्याचे अस्तरही जंतूंना पूर्वीसारखे अडवत नाही. प्लीहा वाढून पांढऱ्या पेशी अडकवून ठेवते आणि उरलेल्या पेशींची मारकशक्ती घटते. शरीरात दाह सतत धुमसत असतो, पण प्रत्यक्ष संसर्ग झाला की प्रतिकार तोकडा पडतो.

याचे ठळक उदाहरण जलोदरात दिसते. आतड्याला कुठेही छिद्र नसताना पोटातल्या पाण्यात जंतू वाढतात. सुईने थोडे पाणी काढून तपासले जाते. दर घनमिलिमीटरमध्ये 250 वा अधिक न्यूट्रोफिल पेशी आढळल्या, तर कल्चरच्या रिपोर्टसाठी न थांबता अँटिबायोटिक सुरू करतात. सोबत शिरेतून अल्ब्युमिन दिले जाते. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील चाचणीत नुसते अँटिबायोटिक घेतलेल्या 33 टक्के रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली. अल्ब्युमिनही मिळालेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होते.

अशा रुग्णाला ताप येईलच असे नाही. असंबद्ध बोलणे, दिवसा झोप आणि रात्री जाग, लघवी कमी होणे एवढीच लक्षणे दिसू शकतात. घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो आणि मोलाचा वेळ जातो.

हिपॅटायटिस ए व बी, न्यूमोकोकस आणि फ्लू यांच्या लसी आजाराच्या सुरुवातीलाच घ्याव्यात. आजार बळावल्यावर त्यांचा परिणाम कमी होतो. किनाऱ्यावरच्या रुग्णांनी कालवे, तिसऱ्या नीट शिजवूनच खाव्यात आणि अंगावर जखम असताना समुद्राच्या पाण्यात उतरू नये. त्या पाण्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू सिरॉसिसच्या रुग्णाला प्राणघातक ठरू शकतो. जलोदराचा रुग्ण अचानक बरळू लागला, तर ताप नसला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.