उन्हाळ्याचें वेळापत्रक

चैत्र सरून वैशाख लागला, कीं आमच्या पिंगळीस दिवसाचे दोनच भाग उरतात : एक ऊन चढण्यापूर्वींचा व दुसरा ऊन उतरल्यानंतरचा. मधले सात-आठ तास कोणाचेच नसतात. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें आमचें हें लहानसें स्टेशन. भर दुपारीं येथें उतरलेल्या उतारूस गांवांत शिरेपर्यंत माणूस दृष्टीस पडेलच असा नेम नाहीं. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, गुरें लिंबाच्या सावलीला दाटीवाटीनें उभीं, आणि घरोघरचीं दारें लोटलेलीं. गांव झोंपलें आहे असें पाहणारास वाटावें. परंतु त्या लोटलेल्या दारांआड एक खोली जागी असते. तेथें चूल, म्हणजे हल्लींच्या काळीं गॅसची शेगडी, चालू असते.

ऊन मराठवाड्याला नवें नाहीं. मग त्यावर या सदराचीं पानें कां खर्ची घालावीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर हवामान खात्याच्या व्याख्येंतच आहे. मैदानी मुलुखांत कमाल तपमान निदान ४० अंश सेल्सिअस होऊन तें त्या दिवसांच्या सरासरीहून साडेचार अंशांनीं चढलें, किंवा सरासरी कांहींही असो, पारा ४५ अंशांस पोंचला, म्हणजे खातें त्यास उष्णतेची लाट म्हणतें. आतां आमच्या भागांत मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या वर. तेव्हां त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचे कित्येक दिवस असे जातात, कीं त्यांस लाट हें नांवही मिळत नाहीं. वर्तमानपत्रांत त्यांची बातमी होत नाहीं व घरांत त्यांची दखल घेतली जात नाहीं. नेहमींचाच उन्हाळा, असें म्हणून आपण नेहमींचाच क्रम चालूं ठेवतों. मे २०१० मध्यें अहमदाबादेस लाट आली, त्या एका महिन्यांत नेहमींपेक्षां तेराशेंहून अधिक मृत्यू झाल्याचें मागाहून केलेल्या मोजदादींत दिसून आलें. त्यानंतर २०१३ सालीं त्या शहरानें उन्हाळ्यासाठीं स्वतंत्र योजना आंखली. शहरास जर योजना लागते, तर घरास ती नको काय?

आमच्या वाडवडिलांच्या घरांत अशी योजना होती; मात्र तिला तें नांव नव्हतें. घरावर माळवद असे. लांकडी तुळया, त्यांवर फळ्या व त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभर तापली तरी ती माती आपली ऊब खालीं उतरूं देण्यास रात्र करी, आणि रात्रीं तर सारें घर माळवदावर नाहीं तर अंगणांत निजलेलें असे. ओसरीच्या कोंपऱ्यांत वाळूवर रांजण असे. रांजणाच्या अंगांतून पाणी पाझरतें व कोरड्या हवेंत उडून जातें. उडून जातांना तें आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. आपल्या अंगावरचा घामही हेंच काम करतो. कोंकणांतल्या दमट हवेंत माठाचें पाणी इतकें गार होत नाहीं. आमच्या रखरखीत हवेची ही एवढीच काय ती कृपा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास कैरीची डाळ व पन्हें, आणि अक्षय्य तृतीयेस पितरांच्या नांवें पाण्यानें भरलेला उदककुंभ देणें, हेही त्याच योजनेचे भाग. तहानलेल्यास पाणी देणें हें पुण्य आहे, हें ऊन ऐन कडक होण्याच्या वेळीं पंचांगच आठवण करून देत असे.

तेव्हां जुनीं माळवदें पुन्हां घालावीं, असें म्हणणें सोपें आहे. परंतु तें आम्ही म्हणणार नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीच्या आसपासच्या गांवांतून दगडमातीच्या भिंती व डोक्यावरचें तेंच मातीचें जड छत झोंपलेल्या माणसांवर कोसळून हजारों जीव गेले. त्या पहांटेनंतर सबंध मराठवाड्यांत माळवदाखालीं निजणाराच्या मनांत धास्ती शिरली, आणि ती निराधार नव्हती. शिवाय दर पावसाळ्यापूर्वीं माती ओढून छत नीट करणारे हातही आतां मिळत नाहींत. म्हणून ज्यांना ऐपत होती त्यांनीं सिमेंटचा स्लॅब घातला व ज्यांना ती नव्हती त्यांनीं पत्रे घातले. पत्रा दुपारीं तव्यासारखा तापतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो व मध्यरात्रीपर्यंत तें घरांत सोडीत राहतो. घर बदललें, परंतु घराचें घड्याळ मात्र आम्हीं माळवदाच्याच काळचें चालूं ठेवलें. खरी अडचण येथेंच आहे.

ही अडचण आम्हांस कशी कळली, तें सांगावयास हवें.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. ज्येष्ठ शुद्ध एकादशी, म्हणजे निर्जला, होती. मृग तोंडावर आला होता, पण आभाळांत ढगाचा ठिपका नव्हता. आमच्या घरीं एक आत्याबाई आहेत. त्या वेळीं त्यांस शहात्तरावें वर्ष होतें. निर्जलेचा त्यांचा नेम पन्नास वर्षांचा. सकाळींच सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाई, यंदा घोटभर पाणी तरी घ्या. ऊन बरें नाहीं." आत्याबाईंनीं हंसून उत्तर दिलें, "अगं, एका दिवसानं काय होतंय? माझ्या सासूबाई तर निर्जलेला दळणही दळीत." विषय तेथेंच संपला. दुपारीं वीज गेली. साडेतीनच्या सुमारास सूनबाई देवघरांत डोकावल्या, तों आत्याबाई भिंतीस टेकून बसलेल्या, अंग तव्यासारखें तापलेलें, घाम मुळींच नाहीं, आणि त्या सूनबाईंस आपल्या कैलासवासी बहिणीच्या नांवानें हांक मारीत होत्या.

सूनबाईंनीं वेळ घालविला नाहीं. त्यांनीं आत्याबाईंस ओसरीवर वाऱ्याला आणून निजविलें, रांजणांतल्या पाण्यानें लुगडें भिजवून अंगावर घातलें, काखेंत व मानेला ओलीं फडकीं ठेवलीं, आणि एका मुलास विंझण्यानें वारा घालावयास बसवून १०८ क्रमांकावर दूरध्वनि केला. गाडी येईपर्यंत आत्याबाईंस थोडी शुद्ध आली. त्या ओळखूं लागल्या; पण पाण्याचें भांडें पुढें करतांच त्यांनीं तोंड फिरविलें. शेजारचे वृद्ध गुरुजी तोंवर येऊन उभे होते. ते म्हणाले, "आत्याबाई, व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी शास्त्रकारांनीं सांगितल्या आहेत. त्यांत पहिलें पाणी आहे. औषध आहे आणि गुरुवचनही आहे. आज हें पाणी तुमचें औषध आहे, आणि घ्या हें माझें वचन आहे." आत्याबाईंनीं पाणी घेतलें. परभणीस दोन दिवस राहून त्या सुखरूप घरीं परतल्या.

गोष्ट येथें संपती, तर ती केवळ उपासासंबंधींची झाली असती. परंतु आत्याबाईंस तपासून झाल्यावर डॉक्टरांची दृष्टि सूनबाईंकडे गेली. त्या खुर्चीचा हात धरून उभ्या होत्या व पायांत गोळे येत असल्यामुळें त्यांस धड उभें राहवत नव्हतें. डॉक्टरांनीं विचारलें, "ताई, सकाळपासून तुम्ही किती पाणी प्यालात?" सूनबाईंनीं आठवून पाहिलें. सकाळचा चहा, आणि मग अर्धें फुलपात्र. तीन दिवस त्यांचें डोकें दुखत होतें. दहा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत त्या शेगडीपाशीं उभ्या असत. ज्योत हालूं नये म्हणून पंखा बंद, खिडकीवर ऊन, आणि एकादशीच्या दिवशीं तर कोणासाठीं साबुदाणा, कोणासाठीं भगर, मुलांसाठीं पोळी. पाणी हातचें काम आटोपल्यावर प्यावयाचें होतें, आणि हातचें काम कांहीं आटोपत नव्हतें. आत्याबाईंची तहान निदान पंचांगांत लिहिलेली होती. सूनबाईंची तहान कोणीच कोठें लिहून ठेविलेली नव्हती. आम्हीही त्याच घरांत होतों, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते.

त्या आठवड्यांत आमच्या घरीं उन्हाळ्याचें नवें वेळापत्रक ठरलें. तें आम्ही येथें देतों. कोणास उपयोगी पडल्यास पडो.

पहांटे पांच वाजतां सर्व खिडक्या-दारें उघडावयाचीं व नऊ वाजतां सर्व लावून पडदे सोडावयाचे. पुन्हां उघडावयाचीं तीं सूर्यास्तानंतर. दुपारचा स्वयंपाक आठच्या आंत संपला पाहिजे. दुपारीं गरम जेवणाचा आग्रह कोणीं धरावयाचा नाहीं. दहीभात, भाकरी, कांद्याची कोशिंबीर, ताक किंवा ज्वारीची आंबील एवढ्यावर जेवण चांगलें होतें. मात्र सकाळचें अन्न या दिवसांत संध्याकाळपर्यंत टिकत नाहीं, हें ध्यानांत ठेवून तें बेतानेंच करावें. रात्रीची खिचडी सातनंतर ताजी टाकावी. अकरा ते चार शेगडी पेटवावयाची नाहीं. अवेळीं पाहुणा आला तर त्यास चहाऐवजीं पन्हें द्यावें. आमच्या अनुभवास असें आलें, कीं पाहुणा अधिकच संतुष्ट होतो.

वाळवणें ही उन्हाळ्यांतली गृहिणीची हौस, आणि तीच तिची शिक्षाही. कुरडयांचा चीक पहांटे चारला शिजवून सूर्य वर येण्यापूर्वीं गच्चीवर घालून मोकळें व्हावें. राखण करण्यास जिन्याच्या सावलींत मुलांनीं पाळीपाळीनें बसावें, व आवराआवर सहानंतर करावी. उडदाच्या पापडांस तर सावलीच मानवते. एखादें वर्ष वाळवण थोडें झालें, तर घराची अब्रू जात नाहीं.

पाण्याविषयीं नियम असा, कीं तहानेची वाट न पाहतां तासातासाला पाणी घ्यावयाचें, व तें घेतलें कीं नाहीं हें घरांतल्या कोणीं तरी प्रत्येकास विचारावयाचें. स्वयंपाक करणारीस आधीं. फार घाम गेला असल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें घोटघोट द्यावें, चमचा चहाचा. पंख्याविषयींही एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. हवा चाळीस अंशांहून अधिक तापली, म्हणजे नुसता पंखा अंगावर गरम वाराच लोटतो. अंगावर ओला पंचा असेल तरच त्याचा उपयोग. खिशांत कांदा बाळगण्याची चाल आम्हीं मोडलेली नाहीं, पण कांदा ताटांत असावा व डोक्यावर उपरणें असावें, एवढी सुधारणा केली आहे. आणि माणूस असंबद्ध बोलूं लागलें, कीं घरगुती उपाय पुरे. अंग भिजवीत, वारा घालीत १०८ ला बोलवावें. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नये.

स्लॅबला दर वर्षीं फाल्गुनांत चुन्याचा पांढरा हात देतों. खालची खोली त्यानें गार होत नाहीं. परंतु कमी तापते, हें हात लावून कळतें. आणि ज्यांच्या घरीं लग्नकार्य असेल त्यांस आमची विनंती, कीं वैशाखांतला बाराचा मुहूर्त टाळून गोरज धरावा. अक्षता टाकणारांचे आशीर्वाद त्यामुळें उणे होणार नाहींत.

आतां शेवटची गोष्ट, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. कूलर व रांजण यांचा न्याय एकच. दोघांनाही उडून जावयास पाणी लागतें. फरक इतकाच, कीं रांजण मूठभर पितो व कूलर घागरींनीं पितो. एप्रिल २०१६ मध्यें लातूरकरांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें ज्या मुलुखानें पाहिलें त्यानें कूलरमध्यें पाणी ओततांना दोनदां विचार करावा. आमच्या घरीं भर दुपारीं तो एकाच खोलींत चालतो, व त्या खोलींत सर्वांनीं बसावयाचें. सर्वांनीं, म्हणजे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंनींसुद्धां. पूर्वीं त्या दोन वाजतां येत व पत्र्याखालच्या मोरींत बसून भांडीं घाशीत; आतां त्या सकाळीं सातला येतात. त्यांच्यासाठीं ओसरीवर एक वेगळा तांब्या असे. तो कोणीं व कधीं ठेविला, हें कोणास आठवत नव्हतें; म्हणूनच तो इतकीं वर्षें तेथें राहिला. दवाखान्यांतून परत आल्यावर आत्याबाईंनीं तो स्वतः उचलून माळ्यावर टाकला, आणि रांजणांतलें पाणी आपल्या फुलपात्रानें त्यांस दिलें. कोणीं कांहीं बोललें नाहीं. बोलण्यासारखें उरलेंही नव्हतें.

निर्जला एकादशी त्या अजून पाळतात. सकाळीं उदककुंभ देतात, आणि दिवसभर दर तासाला देवाचें तीर्थ घेतात. तीर्थाची पळी मात्र आतां बरीच मोठी आहे. सूनबाईंनीं वेळापत्रक सुवाच्य अक्षरांत लिहून भिंतीवर पंचांगाशेजारीं टांगलें आहे, व त्यांतल्या प्रत्येक तासापुढें पाण्याची खूण करावयास जागा ठेविली आहे. पहिली खूण त्यांची स्वतःची असते.

वाचकभगिनींनीं व बंधूंनींही आपापल्या घरचा उन्हाळ्याचा क्रम आम्हांस अवश्य कळवावा. विशेषतः दुपारीं बारा वाजतां आपल्या घरांत उभें कोण असतें, हें एकदां आंत जाऊन पाहावें, आणि मग पत्र लिहावयास बसावें.