रोजनिशीला मार्क कसले देता?

परवा ताईकडे गेलो होतो. शनिवारची संध्याकाळ, ताई स्वयंपाकघरात, भाऊजी आबांना घेऊन खाली चक्कर मारायला गेलेले. आठवीतली भाची डायनिंग टेबलावर मोबाईल घेऊन बसली होती. म्हटलं, काय चाललंय? तर म्हणाली, "मामा, शाळेची रोजनिशी लिहितेय." मोबाईलवर? डोकावून बघितलं तर चॅटजीपीटीला फर्मान सुटलं होतं: 'आठवीतल्या मुलीची सात दिवसांची रोजनिशी लिहून दे. सकारात्मक पाहिजे. शुद्धलेखन बरोबर पाहिजे.'

मला आधी हसू आलं. मग मामा या नात्याने भाषण द्यायच्या पवित्र्यात आलो. "अगं, निबंध एक वेळ ठीक आहे, पण स्वतःची रोजनिशीसुद्धा मशीनकडून?..." तिने काही न बोलता वही माझ्यासमोर सरकवली.

पहिल्या आठवड्यातलं पान. तिच्या अक्षरात: 'आज आबांनी मला ओळखलं नाही. मला खुप राग आला. मग राग आला म्हणून स्वतःचाच राग आला. आईला सांगितलं नाही.' बस्स, एवढंच. 'खुप'भोवती लाल गोल. खाली शेरा: 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्या. सकारात्मक विचार मांडावेत.' दहापैकी पाच.

पुढच्या आठवड्याचं पान: 'आज मी पहाटे लवकर उठले. पूर्वेला सोनेरी किरणांची उधळण झाली होती...' दहापैकी नऊ, शिवाय 'छान!'

"त्या दिवशी मी साडेनऊला उठले होते, मामा. रविवार होता."

माझं भाषण तिथेच संपलं. (हे सगळं तिला विचारून लिहितोय. विषयच असा आहे की न विचारता लिहिलं असतं तर माझ्यात आणि त्या लाल पेनात फरक राहिला नसता.)

आता मुद्द्यावर येतो. वर्गात मुलांकडून रोजनिशी लिहून घेणं ही कल्पना झकास आहे. त्यावर मार्क देणं हा मात्र निव्वळ गाढवपणा आहे. मार्क देणार असाल तर कृपा करून रोजनिशी बंद करा, त्यापेक्षा सरळ निबंध लिहायला सांगा. निबंधात निदान दोन्ही बाजूंना माहीत असतं की हे नाटक आहे.

आठवा आपले निबंध. 'मी पाहिलेला अपघात.' आमच्या पन्नास जणांच्या वर्गात पन्नास जणांनी अपघात पाहिला होता. तोच भरधाव ट्रक, तोच ब्रेकचा कर्कश आवाज, आणि शेवटी तीच माणुसकी. गाईड एकच होतं, काय करणार! 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' लिहिताना आपण पुस्तकाच्या वतीने रडलो. आपल्या स्वतःच्या वतीने चार ओळी लिहायला दहा वर्षांत कुणी सांगितलं नाही.

त्याचं पुढे काय होतं ते तुम्ही-आम्ही रोज बघतोच. सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म म्हणजे दुसरं काय असतं? सोनेरी किरणांची उधळणच की! प्रोजेक्ट बोंबललेला असतो, पण दर सोमवारी स्टेटस 'ग्रीन' जातं, कारण वाचणाऱ्याला काय हवंय ते आपल्याला पाठ असतं. मग रिलीजच्या आदल्या रात्री एकदम 'रेड'. ही सवय आपल्याला कंपनीने लावली असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता वाटतं, आपण ती शाळेतून घेऊन आलो. भाचीने एका आठवड्यात रिक्वायरमेंट ओळखली आणि तसा माल दिला. हुशार आहे पोरगी. दुःख त्याचंच आहे.

'सकारात्मक विचार मांडावेत' या शेऱ्याचं तर काय करावं तेच कळत नाही. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय, काहींना आयुष्यातला सगळ्यात क्लेशकारक अनुभव. ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून झाल्या झाल्या बरं वाटलं नाही, उलट जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या चकरा इतरांपेक्षा कमी झाल्या. प्रयोग लहान होता आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम दर वेळी इतका ठळक आला नाही, हेही खरं. तरी एक गोष्ट बघा: त्या मुलांना कुणी शुद्धलेखनाचे मार्क दिले नव्हते, आणि शेवटी आशावादी वाक्य लिहा असंही सांगितलं नव्हतं.

आता आक्षेप. मला माहितीये, शिक्षक असलेले माझे दोन मित्र हे वाचून फोन करणारच आहेत.

पहिला: मार्क नसतील तर मुलं लिहिणार नाहीत. अहो, मार्क आहेत म्हणून तरी कुठे लिहितायत? २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं, त्याआधी गाईड होतं, त्याआधी मोठ्या बहिणीची वही होती. घरी लिहायला सांगूच नका. तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं, वर्गातच. पीटर एल्बो नावाच्या प्राध्यापकाने १९७३ च्या 'रायटिंग विदाउट टीचर्स'मध्ये हीच साधी युक्ती दिली आहे: दहा मिनिटं हात थांबवायचा नाही, मागे जाऊन खोडायचं नाही, सुचत नसेल तर 'सुचत नाही' असं लिहायचं. आणि त्या दहा मिनिटांत बाईंनी किंवा सरांनीही आपली वही काढून लिहावं. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे, तेही इतर कामं सांभाळून. शिक्षक स्वतः लिहितोय हे दिसलं की मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

दुसरा: मग शुद्धलेखन शिकवायचं कधी? शिकवा ना, जरूर शिकवा. पण दुसऱ्या वहीत. ॲन फ्रँकचं उदाहरण घ्या. जून १९४२ मध्ये तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत ती मनात येईल ते लिहीत होती. मार्च १९४४ मध्ये लंडनहून होणाऱ्या डच रेडिओवर एका मंत्र्याने युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवायचं आवाहन केलं, ते तिने ऐकलं आणि मे महिन्यात सुट्या कागदांवर स्वतःची डायरी पुन्हा लिहायला घेतली. काही गाळलं, काही बदललं, काही नव्याने घातलं. म्हणजे आधी स्वतःसाठी कच्चं आणि मग वाचकासाठी पक्कं, आणि पक्कं काय करायचं ते तिचं तिने ठरवलं. वर्गातही हेच करता येतं. महिन्याच्या शेवटी मुलांनी आपणच एक पान निवडावं, ते सुधारून वेगळ्या कागदावर लिहावं. त्यावर हवा तेवढा लाल पेन चालवा, मार्कही द्या. 'खुप'चं 'खूप' तिथे करा. आपणही कुणाच्या रफ वहीवर कोड रिव्ह्यू करत नाही, पक्कं म्हणून पाठवलेल्या कोडवरच करतो.

तिसरा आक्षेप खरा आहे: साठ मुलं, साठ वह्या, शिक्षकांना वेळ कुठे? मान्य. मग सगळं वाचूच नका. रोज बारा वह्या घेतल्या तर पाच दिवसांत साठ होतात. प्रत्येक वहीतलं एकच पान वाचायचं, तेही मुलाने 'हे वाचा' म्हणून खूण केलेलं. दुमडलेलं पान उघडायचं नाही. आणि खाली एक ओळ लिहायची. शेरा नको, उत्तर लिहा. दोन्हींतला फरक मुलांना बरोबर कळतो.

आणि चौथा, सगळ्यात गंभीर. मुलाने काही भयंकर लिहिलं तर? कुणी त्रास देतंय असं लिहिलं तर? तिथे गुप्ततेचं वचन देता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं: तुमचं लिहिलेलं मी कुणाला सांगणार नाही, पण कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका दिसला तर गप्प बसणार नाही. मुलं एवढं समजून घेतात. तरीही ज्याला लिहायचंय तो लिहितोच, बऱ्याचदा त्याला सांगायचंच असतं. आता मला सांगा, अशा पानाला तुम्ही दहापैकी किती देणार?

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या गठ्ठ्यात तेव्हा किती वह्या असतील कोण जाणे, आणि वर 'लेखी पुरावा दाखवा' म्हणणारं कुणीतरी बसलेलं असणार. पण मी राहून राहून तोच विचार करतोय. त्या चार वाक्यांखाली त्यांनी 'माझ्या आजीचंही असंच झालं होतं' किंवा नुसतं 'मग आईला सांगितलंस का?' एवढं लिहिलं असतं तर?

ताईला ती गोष्ट परवा कळली. वहीतून नव्हे, माझ्याकडून, तेही भाचीने 'सांग' म्हटल्यावर. आबा तिला ओळखेनासे झालेत, तिला त्याची लाज वाटते आणि रागही येतो, हे तिने एका मोठ्या माणसाला लेखी कळवलं होतं. जूनमध्ये. त्या माणसाने ऱ्हस्व-दीर्घ तपासलं.

असो. सोमवारी वही जमा करायची आहे. या आठवड्याची रोजनिशी मशीननेच लिहिली आहे, मी अडवलं नाही. नऊ तरी मिळतील.