तांबेरा एकेकट्यानें हटणार नाहीं

कृष्णा-वारणेच्या काठचा शेतकरी सोयाबीनवरील तांबेऱ्यास पुरता ओळखतो. श्रावणांत झड लागून हवा थंड व ओलसर राहिली, कीं खालच्या पानांच्या पाठीवर टांचणीच्या टोकाएवढे तपकिरी फोड उठतात. बोट फिरविलें तर तांबूस भुकटी लागते. पुढें पानें पिवळीं पडून अकालीं गळतात, दाणा बारीक राहतो, आणि मग औषधासाठीं धांवाधांव सुरू होते. ही धांवाधांव म्हणजे वरातीमागून घोडें होय.

या रोगाची बुरशी केवळ जिवंत, हिरव्या पानावर जगते. वाळल्या पाल्यांत ती तगत नाहीं, बियांतूनहि येत नाहीं. तिचे कण मात्र वाऱ्याबरोबर कोसच्या कोस जातात. मग खरीप निघाल्यावर तिला आसरा कोण देतो? आपणच. पाण्याखालील रब्बी व उन्हाळी सोयाबीन, तसेंच बांधावर आणि उसांत आपोआप उगवलेलीं झाडें, हीं तिला एका हंगामांतून दुसऱ्यांत पोंचविणारी वाट होऊं शकतात.

पावसांत सांपडलेलें खरिपाचें बीं नीट उगवत नाहीं, म्हणून उन्हाळी बीं घ्यावें लागतें, असें कित्येक बंधूंचें म्हणणें आहे. तें खोटें नाहीं, व घरच्या बियांमुळें वांचणारा पैसाहि आम्ही जाणतों. परंतु ज्या गांवीं तांबेरा दरसाल ठाण मांडतो, तेथें हें पीक घेणें म्हणजे शेजाऱ्याच्या गंजीजवळ शेकोटी पेटविणें आहे. अशा गांवांनीं तें एकविचारानें बंद ठेवावें, व कोरड्या टापूंतील शेतकऱ्यांशीं आगाऊ बोली करून बीं आणावें. ब्राझील देशांत हा रोग २००१ सालीं आढळला. तेथील कांहीं प्रांतांनीं २००६ पासून, वर्षांतून ठराविक काळ शेतांत सोयाबीनचें एकहि हिरवें झाड राहूं नये, असा निर्बंध घातला. आपल्यास कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. गांवचा ठराव पुरे आहे.

बाकीचीं कामें ज्याचीं त्यानें करावींत. कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राचे फुले अग्रणी व फुले संगम हे वाण तांबेऱ्यापुढें टिकाव धरतात. रोगाच्या पट्ट्यांत ते सोडून जुन्या, रोगास बळी पडणाऱ्या वाणांचा हट्ट धरूं नये. पेरणी वेळेवर व्हावी. फुलोऱ्याच्या सुमारास दर चार दिवसांनीं खालचीं पानें उलटून पाहावींत. पहिले फोड दिसतांच हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल वेष्टनावरील प्रमाणानें, पानांच्या पाठीपर्यंत पोंचेल असें फवारावें. सालोसाल एकाच गटांतील औषध मारूं नये, कारण बुरशी त्यास सरावते. तसेंच पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग असून तो पांढरी माशी पसरविते. त्यावर बुरशीचें औषध ओतणें म्हणजे पैसा मातींत घालणें.

एका बांधावरची हयगय दहा बांधांस भोंवते. म्हणून रब्बीच्या पेरणीपूर्वी प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एकत्र बसून हा ठराव करावा, व तो स्वतःच्या शेतापासून पाळण्यास आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.