माप पुरुषाचे, देह बाईचा

वैद्यकशास्त्र तटस्थ असते, असे आपल्याला सांगितले जाते. पोटातल्या महारोहिणीचे उदाहरण घेऊ. या मुख्य रक्तवाहिनीची भिंत कधी कमकुवत होऊन फुगते. हा फुगा फुटला तर बहुतेक रोगी दगावतात. म्हणून तो ५.५ सेंटिमीटर रुंद झाला की शस्त्रक्रिया करावी, असा दंडक पडला.

हा आकडा कुणाच्या शरीरावरून आला? १९९८च्या ब्रिटिश चाचणीतल्या १०९० रुग्णांपैकी ८३ टक्के पुरुष होते. २००२च्या अमेरिकन चाचणीत ९९ टक्के. हा आजार पुरुषांत जास्त, हे खरे. पण ब्रिटिश संशोधकांनाच १९९९मध्ये आढळले की, तेवढ्याच आकाराचा फुगा बाईत फुटण्याचा धोका तिप्पट असतो. काही मार्गदर्शक सूचना आता बायकांसाठी ५ सेंटिमीटर म्हणतात, सगळ्या नाही.

तरी ‘आकडा खाली आणा’ एवढीच मागणी पुरत नाही. जांघेतून नळी घालून आतून अस्तर बसवण्याची कमी त्रासाची पद्धत आहे. पण ती उपकरणे बायकांच्या अरुंद रक्तवाहिन्यांत अनेकदा बसत नाहीत. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात ५.४ टक्के बायका दगावल्या, पुरुष २.८ टक्के, असे २०१७च्या ‘लॅन्सेट’मधील आढाव्यात दिसते. ३४ टक्के बायकांना तर शस्त्रक्रिया देऊच केली नव्हती. पुरुषांत हे प्रमाण १९ टक्के.

मैत्रिणींनो, आपली मागणी अशी हवी : उपकरणे बाईच्या मापाची बनवा, चाचण्यांत पुरेशा बायका घ्या, निष्कर्ष स्त्री-पुरुषांचे वेगवेगळे छापा. आजार थोड्या जणींना होतो, म्हणून त्या थोड्या जणींचा जीव स्वस्त ठरत नाही.