फोटोत पोटॅशियम दिसत नाही!

अवकाशयान म्हटलं की आपल्या पब्लिकला फोटो हवा. फोटो झक्कास तर मोहीम यशस्वी, नाहीतर 'एवढे पैसे कशाला घालवले?' मंडळी, हे मला अजिबात पटत नाही.

बुधाचंच घ्या. मेसेंजर यान 2011 ते 2015 बुधाभोवती फिरलं. फोटो पाहून लोक म्हणाले, अरे, हा तर चंद्रच! बरोबर आहे, खड्डे सगळीकडे सारखेच दिसतात. पण त्याच यानावर एक गॅमा-किरण मोजणारं उपकरण होतं. पोटॅशियम, थोरियम, युरेनियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं स्वतःहूनच गॅमा किरण सोडतात, प्रत्येकाची ऊर्जा ठरलेली. पोटॅशियमची 1461 केव्ही, म्हणजे अंगठ्याचा ठसाच म्हणा ना! बुधाला नाव घेण्यासारखं वातावरण नाही, त्यामुळे हे किरण थेट यानापर्यंत पोचतात.

आता गंमत बघा. बुधाचा लोखंडी गाभा अवाढव्य का, याचं एक उत्तर असं होतं की कोवळ्या सूर्याच्या धगीत वरचा खडक वाफ होऊन उडाला. तसं असतं तर पोटॅशियम आधी उडालं असतं आणि चिवट थोरियम मागे उरलं असतं. पण मोजमाप काय आलं? पोटॅशियम दशलक्षात साधारण 1150 भाग, थोरियम जेमतेम 0.22. म्हणजे गुणोत्तर पाच हजारांच्या घरात, मंगळासारखं! चंद्राचं काही शेकड्यांतच आहे. 'चंद्रच' म्हणणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी. :-) ती भट्टीची थिअरी तिथेच आडवी झाली.

मान्य, या नकाशाचा एकेक ठिपका शेकडो किलोमीटरचा. यानाची कक्षा लंबगोल, जवळ यायचं ते उत्तरेकडेच, म्हणून दक्षिणेचा हिशोब कच्चा राहिला. यानाच्या स्वतःच्या धातूतून निघणारे गॅमा किरणही वजा करावे लागतात. कित्येक फेऱ्यांची मोजणी साठवली तेव्हा कुठे आकडा हाती लागतो. त्यात डिटेक्टर जर्मेनियमचा, त्याला उणे 180 अंशांच्या आसपास थंड ठेवायचं, आणि खाली चारशेच्या वर तापलेला ग्रह! 2012 मध्ये तो कूलर बंदच पडला. लॉगमधला नॉइज उपसणाऱ्यांना तरी याची किंमत कळायला हवी राव.

2018 मध्ये निघालेल्या बेपीकोलंबोवरही गॅमा-न्यूट्रॉन उपकरण आहे. पण बातम्या कशाच्या झाल्या? बुधाजवळून जाताना टिपलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोंच्या.