वाईचा आणि ‘वाइ’चा काही संबंध नाही

परवा लंचला एका मित्राने मोबाईल पुढे सरकवला. मायक्रोनेशियातल्या पोन्पेई बेटावरच्या कुळांची यादी. त्यातलं ‘दिप्विनवाइ’ त्याने पिवळं करून ठेवलेलं. "बघ, वाई! आपलीच माणसं तिकडे गेलेली!" टेबलावरच्या चार इंजिनिअरांनी माना डोलावल्या. एरवी हीच मंडळी कोड रिव्ह्यूमध्ये एक जादा स्पेस सोडत नाहीत.

पोन्पेईच्या भाषेत ‘दिप्व’ म्हणजे कूळ आणि ‘वाइ’ म्हणजे परदेशी. परक्यांचं कूळ. शेजारचं ‘दिप्विनपान्मेइ’ म्हणजे नीरफणसाच्या झाडाखालचं कूळ. आता नीरफणस कोकणातही होतो म्हणून तेही आपलंच का?

नातं सिद्ध होतं ते असं. चूक बेटांवर कुळाला ‘एयिनांग’ म्हणतात, वोलेआईवर ‘गाइलांग’, पॉलिनेशियन तिकोपियावर ‘काइनांगा’. हवाईत सामान्य रयतेला ‘मकाआइनाना’ म्हणतात, त्यातला शेवटचा भागही हाच शब्द. कानाला फारसं साम्य नाही. पण वोलेआईत जुन्या ‘न’चा ‘ल’ होतो तो इतर शब्दांतही होतो. हवाईत ‘क’ गळ्यात अडकतो आणि ‘ङ’चा ‘न’ होतो, तेही सगळीकडे. नियम शेकडो शब्दांवर चालला तर पुरावा, एका शब्दावर चालला तर योगायोग.

आणि शब्द एक निघाला तरी गोष्ट संपत नाही. चूकमध्ये कूळ आईकडून मिळतं, तिकोपियात बापाकडून. नाव टिकलं, रीत बदलली.

मोठमोठी माणसंही इथे घसरतात. नान मदोल जिंकणारा इसोकेलेकेल ‘कताउ’हून आला अशी पोन्पेईची कथा. कताउ म्हणजे कोस्राए बेट, असं अनेकांनी ठरवून टाकलं. 1986 मध्ये वॉर्ड गुडइनफ यांनी मांडलं की ते मुळात आकाशातल्या जगाचं नाव. नकाशावर शोधायचंच कशाला?

तुम्ही म्हणाल, गंमत आहे, सोड ना राव. नाही सोडणार. 1912 मध्ये जर्मन सरकारने पोन्पेईवर जमिनीचे कागद केले आणि वारसा बापाकडून थोरल्या मुलाकडे लावला. कागद बापाचा झाला, कूळ आईचंच राहिलं. एकाच कुळात लग्न करायचं नाही, हे त्या नावावरूनच ठरतं. कुठल्याही सरकारी कागदाशिवाय आईकडून पोरांकडे आलेलं ते नाव आहे. आणि आपण जेवणाच्या सुट्टीत, पाच मिनिटांत, ते सातारा जिल्ह्यात जमा करून टाकतो.

वाईचा अभिमान जरूर बाळगा. घाट आहे, ढोल्या गणपती आहे, कृष्णा आहे. पण दुसऱ्याच्या आज्ज्यांनी जपलेलं नाव उचलायच्या आधी त्याचा अर्थ तरी विचारा. ते स्वतःच सांगतंय, की आम्ही परके. आपण ते ‘आम्ही तुमचेच’ असं वाचलं, एवढंच.